चढाई मोजणारा सायकल कॉम्प्युटर घेताय? या चुका टाळा

रविवारी सिंहगड उतरून पायथ्याच्या टपरीवर टेकलं की ठरलेलं भांडण सुरू होतं. एकाच्या हँडलवरच्या सायकल कॉम्प्युटरवर एकूण चढाई 610 मीटर, दुसऱ्याच्या 655, तिसऱ्याच्या फोनवर 740. गड तोच, रस्ता तोच, वळणावरचा खड्डासुद्धा तोच. मग नुकतीच सायकल घेतलेला एखादा मुलगा माझ्याकडे वळतो, "काका, खरा आकडा कुणाचा? आणि मी कोणता घेऊ?" घाई त्याला दुसऱ्या प्रश्नाची असते. पहिल्याचं उत्तर ऐकायला थांबला असता तर दुसरा अर्धा तिथंच सुटला असता. हे सगळं अनेकदा सांगून झालंय. आता लिहूनच ठेवतो, म्हणजे पुढच्या रविवारी हे पुढे पाठवून मला माझी भजी गरम असताना खाता येतील.

खोक्यावर 'अल्टिट्यूड' छापलंय, म्हणजे झालं

सगळ्यात जुनी चूक, आणि मी स्वतः केलेली. माझा पहिला जीपीएस कॉम्प्युटर मी खोकं वाचून घेतला. वेग, अंतर, उंची, चढाई, सगळं होतं त्यावर. किंमतही परवडणारी. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला गेलो, छाती फुगलेली. वर एका टपरीवर सायकल भिंतीला टेकवली आणि चहा सांगितला. ऑटो-पॉज, म्हणजे सायकल थांबली की मोजणी आपोआप थांबवणारी सोय, मी बंद ठेवायचो, कारण मला राइडचा एकूण वेळ बघायला आवडतो. चहा झाला, मग मक्याचं कणीस झालं, मग गप्पा. तासाभराने सायकलकडे आलो तर चढाईत 85 मीटरची भर पडलेली. सायकल भिंतीला टेकून उभी, मी बाकावर बसून कणीस खातोय, आणि यंत्राच्या मते आम्ही दोघं अजून घाट चढतोय.

त्या यंत्रात बॅरोमीटर नव्हता. उंची ते निव्वळ जीपीएसवरून काढत होतं. जीपीएस आडवी जागा बऱ्यापैकी सांगतं, कारण उपग्रह चहूबाजूंनी दिसतात. उभ्या दिशेत मात्र सगळे उपग्रह डोक्यावर, पायाखाली एकही नाही, मधे पृथ्वी आहे. त्यामुळे उंचीतली चूक आडव्या चुकीपेक्षा सहसा मोठी असते. उघड्या माळावर हे खपून जातं. घाटात एका हाताला कातळाची भिंत, म्हणजे अर्धं आभाळ गायब, आणि उरलेले सिग्नल त्याच कातळावर आपटून येणार. उंचीचा आकडा पाच मीटर वर, सात मीटर खाली असा डुलत राहतो. तुमची जागची उंची त्यामुळे फार बिघडत नाही. पण चढाई ही बेरीज आहे. वर गेलं की मिळवायचं, खाली आलं की सोडून द्यायचं. डुलणाऱ्या आकड्यातली प्रत्येक वरची झुळूक खात्यावर जमा होते.

बॅरोमीटर हवेचा दाब मोजतो. पुण्याच्या उंचीवर साधारण 9 मीटर चढलं की दाब एक हेक्टोपास्कलने (हे दाब मोजायचं माप) उतरतो, आणि आजकालचे छोटे सेन्सर त्याचा अगदी बारीक अंशही टिपतात. जिन्याच्या चार पायऱ्या चढलेल्या त्यांना कळतात. म्हणून घेताना तपशिलात 'बॅरोमेट्रिक अल्टिमीटर' हे दोन शब्द शोधायचे. नुसतं 'अल्टिट्यूड', नुसतं 'एलेव्हेशन', नुसतं 'जीपीएस उंची' असेल तर खोकं परत ठेवायचं. मोठा रंगीत पडदा आणि बॅरोमीटर यांचा काही संबंध नाही. गार्मिनच्या एज 130 प्लससारख्या लहानग्या, काळ्यापांढऱ्या यंत्रातही तो आहे. ज्यांना नकाशाच हवाय त्यांनी नकाशासाठी पैसे मोजावेत, माझी तक्रार नाही. चढाईसाठी मोजलेत असं मात्र सांगू नका.

राइड सुरू करताना उंची चुकीची दिसते म्हणून कासावीस होणं

घरासमोर 560 दिसायला हवेत आणि 602 दिसतायत, आता सगळी राइड वाया! नाही जात. चढाई म्हणजे फरकांची बेरीज. सुरुवातीचा आकडा 42 ने चुकला असेल तर गडावरचाही तेवढ्यानेच चुकेल आणि वजाबाकीत दोन्ही उडतील. चौथीतलं गणित आहे. ज्यांना समुद्रसपाटीपासूनची उंची बरोबर हवीच आहे त्यांनी रेल्वे स्टेशनवर जावं. फलाटाच्या टोकाला जी पिवळी पाटी असते तिच्यावर गावाच्या नावाखाली उंची लिहिलेली असते. मी माझं यंत्र तिथंच जुळवलं होतं, प्लॅटफॉर्म तिकीट काढून. बऱ्याच यंत्रांत अशी खात्रीची उंची त्या जागेसह साठवून ठेवता येते. मग तिथून राइड सुरू केली की ते आपलं आपण जुळवून घेतं. घराची उंची एकदा नीट घाला आणि विषय संपवा.

यालाच लागून एक गोष्ट, कारण दर उन्हाळ्यात कुणीतरी घाबरून फोन करतं. सकाळी दहाला एका टपरीवर उंची बघितली, दुपारी चारला परत तिथंच आले, तर टपरी 25-30 मीटर वर सरकलेली. यंत्र बिघडलेलं नाही. आपल्याकडे हवेचा दाब रोज ठरल्याप्रमाणे वरखाली होतो, सकाळी दहाच्या सुमारास सगळ्यात जास्त, दुपारी चारच्या सुमारास सगळ्यात कमी. फरक तीनेक हेक्टोपास्कलचा. यंत्राला वाटतं दाब उतरला म्हणजे आपण चढलो. वादळ किंवा कमी दाबाचा पट्टा येत असेल तर आणखी. दिवसभराच्या राइडमध्ये तीसेक मीटर इकडे तिकडे, एवढं सोसायला शिका.

पावसाळ्यात कॉम्प्युटरला प्लास्टिकची पिशवी

याच्यावर मी जरा लांब बोलणार आहे, कारण दर जुलैत हेच बघतो.

ताम्हिणीची राइड. मुळशीकडून जायचं, घाट उतरायचा, विळ्याला पोहे आणि मग तोच घाट परत वर. पाऊस असा की चष्मा काढून जर्सीच्या खिशात टाकलेला. आमच्यातल्या एकाने नवा कोरा कॉम्प्युटर घेतला होता, चांगला, बॅरोमीटरवाला, माझ्याच सांगण्यावरून. इतका महाग की त्याने तो पारदर्शक झिपच्या पिशवीत घालून, वर रबरबँड मारून, मग माउंटवर बसवला होता. मी म्हटलं, अरे, तो पाण्यात चालणाराच आहे. म्हणाला, "असू दे दादा, काळजी घेतलेली बरी."

उतरताना काही जाणवलं नाही. वर येताना मात्र त्याच्या पडद्यावर ग्रेडियंट, म्हणजे रस्त्याच्या चढाचे टक्के, शून्य, एक, शून्य. आम्ही दातओठ खातोय, आणि याच्या यंत्राला वाटतंय सोलापूर रोड आहे. पहिल्या धबधब्यापाशी थांबून त्याने पिशवीचं तोंड उघडलं, यंत्राने एकदम श्वास घेतल्यासारखं केलं आणि आकडा एका दमात वर उडाला. मग पिशवीत पाणी शिरलं. त्यानंतर जे झालं ते बघायला मिळणं कठीण. घाटमाथ्यावर चढाई आमच्यापेक्षा 400 मीटरने कमी. मुळशीच्या सपाट रस्त्यावर अचानक त्यातली बरीच परत आली. आणि पौडला थांबलो तेव्हा उंची समुद्राच्या खाली.

कॉम्प्युटरच्या मागे किंवा कडेला टाचणीच्या डोक्याएवढी एक-दोन भोकं असतात. बॅरोमीटर त्यातूनच बाहेरची हवा 'चाखतो'. पिशवीने ती हवा कोंडली, की आतला दाब पिशवी किती ताणलीय आणि आत किती गरम झालंय यावर चालतो, घाटावर नाही. पिशवी नसली तरी पाण्याचा एक थेंब त्या भोकावर पडद्यासारखा बसू शकतो. तेव्हा आकडा अडकतो, आणि थेंब गळला की उडी मारतो. चिखल, घाम आणि वाळलेलं इलेक्ट्रॉल तेच करतात. बाजारात मिळणारी सिलिकॉनची कव्हरं घेतानाही मागे भोकाच्या जागी कव्हरला छिद्र आहे का ते बघा. माझ्या एका कव्हरला नव्हतं, मी ब्लेडने पाडलं.

माझी सवय अशी: पावसात दर थांब्याला यंत्र माउंटवरून काढतो, उलटं करून तळहातावर दोनदा आपटतो, भोकावर हलकी फुंकर, परत लावतो. घरी आलो की कोमट पाण्याच्या बारीक धारेखाली धरतो आणि कपड्यावर पालथं घालून रात्रभर वाळू देतो. टाचणी, सुई, टूथपिक आत घालायचं नाही. सायकलच्या दुकानातला हवेचा पाइप तर मुळीच नाही. तसं करून सेन्सर कायमचा फोडलेला माणूस आमच्या गटात आहे, आणि तो यंत्रालाच शिव्या देतो.

घरी येऊन 'एलेव्हेशन करेक्ट' दाबणं

राइडची नोंद ठेवणाऱ्या स्ट्रावावर हा पर्याय आहे. तो दाबला की तुमच्या यंत्राची उंची बाजूला ठेवून नकाशातली उंची घेतली जाते. यंत्रात बॅरोमीटर नसेल किंवा तो दिवसभर पाण्यात गुदमरला असेल तर जरूर दाबा. पण मी बघतो ते वेगळंच. आधी न दाबता आकडा बघायचा, मग दाबून बघायचा, आणि जो जास्त तो ठेवायचा. याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

घाटात तर नकाशाची उंची विशेष वाईट. अशा नकाशांपैकी सगळ्यात प्रसिद्ध मोजणी एन्डेव्हर या अंतराळयानातून फेब्रुवारी 2000 मध्ये 11 दिवसांत झाली. तिच्या उत्तम आवृत्तीतही साधारण 30 मीटरच्या चौकोनाला एकच उंची आहे. आता सह्याद्रीतला रस्ता आठवा. दोन गाड्या जेमतेम जातील एवढा, वर कडा, खाली दरी. तुमची जीपीएसची रेघ पंधरा-वीस मीटर सरकली की नकाशा तुम्हाला कधी कड्यावर बसवतो, कधी दरीत. वळणागणिक असं कड्यावरून दरीत आणि परत. बेरीज फुगणारच. पुलावर तो तुम्हाला नदीत उतरवतो, आणि बोगद्यात डोंगर ओलांडायला लावतो.

दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना

किती मीटरचा चढ 'चढ' म्हणून मोजायचा हे जो तो आपल्यापुरतं ठरवतो. स्ट्रावा बॅरोमीटरच्या माहितीत 2 मीटरपेक्षा जास्त सलग चढ मोजतं, एरवी 10 मीटरपेक्षा जास्त. म्हणजे हायवेवरचे सहा-सात मीटरचे उड्डाणपूल एकाच्या खात्यावर येतात आणि शेजारून चाललेल्या मित्राच्या येत नाहीत. दिवसभरात पंचवीस उड्डाणपूल झाले की मैत्री धोक्यात. मी माझ्या यंत्राची माझ्या जुन्या यंत्राशीसुद्धा तुलना करत नाही. एकच चढ दहादा करायचा असेल, एव्हरेस्टिंगच्या, म्हणजे एकच चढ पुन्हा पुन्हा चढून एव्हरेस्टएवढी बेरीज करायच्या, 8,848 मीटरची खाज असेल, तर यंत्राच्या एकूण बेरजेवर विसंबू नका. एका फेरीची खात्रीची उंची गुणिले फेऱ्या, आणि फेऱ्या कागदावर.

बाकी किरकोळ. गाडीच्या डॅशबोर्डवर तापलेलं यंत्र लगेच सुरू करू नका, दहा मिनिटं सावलीत बाहेरच्या हवेला येऊ द्या. ग्रेडियंट चार-पाच सेकंद उशिरा दिसतो. तो बघून गिअर पाडणारे चढावर साखळी पाडतात. चाकाला वेगाचा सेन्सर लावला असेल तर यंत्रात चाकाचा घेर घालावा लागतो: रोड सायकलच्या 25 मिलिमीटर रुंद टायरला 2105 मिलिमीटर आणि 28 च्या टायरला 2136. तो चुकला तर अंतर आणि ग्रेडियंट बिघडेल, चढाई नाही.

राहिला त्या मुलाचा दुसरा प्रश्न. परवा अशाच एका मुलाबरोबर दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, याच्यात बॅरोमीटर आहे. तपशिलाच्या कागदावर तो शब्द सापडेना. मी नमुन्याचं यंत्र मागितलं, राइड सुरू केली आणि जिन्याने चौथ्या मजल्यावर गेलो. इमारतीच्या आत जीपीएसला काही धड दिसत नाही, पण बॅरोमीटर असेल तर चार मजल्यांचे बारा-तेरा मीटर लगेच दिसायला हवेत. वर पोचलो तेव्हा चढाई शून्य. पाच मिनिटं थांबलो, शून्यच. खाली येऊन यंत्र काउंटरवर ठेवलं. दुकानदाराने न बोलता कपाटातून दुसरं काढलं, आणि मी मुलाला म्हणालो, आता तू जा वर.