रोहिणीत खड्डे, मृगात पांगारा: घाटाकडच्या वाडीत कॉफी लावायची असेल तर

त्र्यंबक-इगतपुरीकडचे बरेच जण हल्ली विचारतात, "आपल्याकडे कॉफी होईल का हो?" बहुतेकांनी मोबाइलवर हवाई बेटांवरच्या कोना कॉफीचा भाव पाहिलेला असतो.

तुलना अगदीच उगाच नाही. कोना १९.५ अंश उत्तरेला, नाशिक २० वर. तिथले मळे १५० ते ९०० मीटर उंचीवर, आपलं त्र्यंबक ७०० च्या आसपास. जमीनही दोन्हीकडे लाव्ह्याचीच. फरक पडतो तो दुपारी. कोनात दुपारी डोंगरावर ढग चढतात आणि झाडांना फुकटची सावली मिळते. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी काय मिळतं ते सांगायला नको. तेव्हा ढगाचं काम झाडांकडून करून घ्यायचं आहे.

निफाड-दिंडोरीच्या काळ्या, चुनखडीच्या रानात हा खटाटोप करूच नका. कॉफीला जमिनीचा सामू (pH) ६ ते ६.५ लागतो, पाण्याचा निचरा लागतो, आणि निफाडची जानेवारीतली थंडी तर तिला अजिबात सोसत नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीची लाल उताराची जमीन, त्यात आंब्याची वाडी आधीच उभी आणि होळीनंतरही पाणी टिकणारी विहीर किंवा शेततळं असेल तरच पुढे वाचा. आणि पहिल्या वर्षी ५० झाडं, जास्त नाही. तीन वर्षं हातात काही पडत नाही.

आता रोहिणीत दीड फुटी खड्डे घेऊन तापू द्या. कॉफीच्या दोन मुख्य जाती, अरेबिका आणि रोबस्टा; आपण अरेबिका लावायची, अंतर ६ बाय ६ फूट. मृगाचा पाऊस लागला की ओळींच्या मधे पांगाऱ्याच्या जाड फांद्या पुरा. कर्नाटकातले मळेवालेही सावलीला पांगाराच लावतात आणि आपल्याकडे तो बांधावर फुकट मिळतो. तो वाढेपर्यंत केळी किंवा तूर चालते. सावलीचा दुसरा फायदा म्हणजे पांढरा खोडकिडा उघड्या, ऊन लागणाऱ्या खोडावर अंडी घालतो, सावलीतल्या झाडाला त्रास कमी. इगतपुरीत आषाढात पाणी तुंबतं, तिथे रोपं सप्टेंबरात लावलेली बरी.

रोप कुठलंही उचलू नका. 'अरेबिका' म्हणून मी आणलेली पहिली ३० रोपं पुढे रोबस्टा निघाली, आणि हे कळायला दोन वर्षं गेली. चिकमगळूर जिल्ह्यात बाळेहोन्नूरला कॉफी बोर्डाचं संशोधन केंद्र आहे, बियाण्याची चौकशी तिथे करा. चंद्रगिरी हा अरेबिकाचा बुटका वाण तांबेऱ्याला, म्हणजे पानांवरच्या बुरशीच्या रोगाला, बऱ्यापैकी तोंड देतो. तांबेरा हलक्यात घेऊ नका. १८६९ मध्ये तो सिलोनात (आताची श्रीलंका) दिसला आणि पुढे तिथली कॉफी जाऊन चहा आला. हवाईतही २०२० मध्ये पोचलाच.

फुलोऱ्याचं तंत्र डाळिंबवाल्यांना शिकवायला नको. जानेवारी-फेब्रुवारीत ताण द्या, म्हणजे पाणी तोडा, मार्चमध्ये तुषारने भरपूर पाणी द्या. आठ-दहा दिवसांत फांद्या पांढऱ्याशुभ्र होतात, वास थेट मोगऱ्याचा.

तोडणीच्या वेळी द्राक्षवाल्यांचा ब्रिक्समीटर, म्हणजे रसातली साखर मोजणारं यंत्र, काढा. लालबुंद फळाचा रस १८ ते २२ दाखवतो. हिरवं-पिवळं एकही फळ टोपलीत नको; 'स्पेशालिटी', म्हणजे वरच्या दर्जाची कॉफी, म्हणवून घ्यायला चाखणाऱ्यांकडून १०० पैकी ८० गुण लागतात, आणि कच्च्या फळाची तुरट चव तिथे लपत नाही. मग फळं पाण्यात टाका, तरंगतील ती बाजूला काढा. बाकीची जाळीवर पातळ पसरून दिवसातून चार-पाचदा हलवायची. इथे मात्र आपण बेटवाल्यांपेक्षा नशीबवान आहोत. त्यांना वाळवताना पावसाची धास्ती असते, आपली डिसेंबरची हवा कोरडी खट्ट. बेदाण्याचं रॅक वापरता येतं, पण द्राक्षं बुडवायच्या डिपिंग ऑइलचा वास राहिला असेल तर धुऊन घ्या. ओलावा ११ टक्क्यांवर आला की थांबा. ५-६ किलो फळांतून १ किलो बी मिळतं.

आणि पोतं कांद्याच्या चाळीत ठेवू नका. मी ठेवलं होतं. पाहुण्यांनी एक घोट घेतला आणि विचारलं, "भजी पण आहेत का?"

विक्रीचं म्हणाल तर कोनावाल्यांकडून भाव नव्हे, भांडण शिकण्यासारखं आहे. हवाईच्या कायद्यानुसार पाकिटात फक्त १० टक्के कोना असली तरी 'कोना ब्लेंड' म्हणता येत होतं. शेतकरी वर्षानुवर्षं भांडले, तेव्हा कुठे ही मर्यादा २०२७ पासून ५१ टक्के होणार आहे. आपल्याकडे पहिल्याच तोडणीला माल कमी पडला म्हणून चिकमगळूरचं बी मिसळून 'नाशिक कॉफी' विकायचा मोह होईल. ५ किलो झाली तर ५ किलोच विका. पाकिटावर गावाचं नाव, उंची, वाण आणि तोडणीचा महिना छापा, आणि वाइनरीत येणारे पाहुणे जसं आधी चाखून मग बाटली घेतात, तसं त्यांना वाडीतच कप पाजा.