यॉर्कशरची तीन शिखरे : एका दिवसाच्या फेरीची आखणी

उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशर डेल्स भागात पेन-य-घेंट (694 मीटर), व्हर्नसाइड (736 मीटर) आणि इंगलबरो (723 मीटर) ही तीन शिखरे एकाच दिवसात, सुमारे 39 किलोमीटर चालून पूर्ण करण्याचा प्रघात आहे. बहुतेक जण हॉर्टन गावातून निघून याच क्रमाने चढतात आणि हॉर्टनलाच परततात. लीड्समध्ये राहत असताना ही फेरी केल्यावर नवख्यांना मी एवढेच सांगेन, की आखणी शिखरांवरून न करता, फेरी मध्येच कोठे सोडता येईल यावरून करावी.

वेळेचा अंदाज बांधण्यासाठी स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांचा 1892 मधील नियम अजूनही उपयोगी पडतो : दर 5 किलोमीटरना एक तास आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. येथील एकूण चढाई 1585 मीटरच्या आसपास असल्याने नुसत्या चालण्यालाच साडेदहा तास लागतात. फेरी 12 तासांच्या आत संपवण्याचा जो रिवाज आहे, तो पाळायचा तर खाणेपिणे, विश्रांती आणि वाट शोधणे यांसाठी जेमतेम दीड तास उरतो. पहिल्याच खेपेला ही अट अंगावर घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

पेन-य-घेंटनंतरचा लांबलचक आणि खरे तर कंटाळवाणा टप्पा रिबलहेडच्या 24 कमानींच्या रेल्वेपुलापाशी संपतो. सेटल-कार्लाइल मार्गावर हॉर्टन आणि रिबलहेड ही लागोपाठची स्थानके असल्यामुळे, पाय थकले असतील तर येथून गाडीने परतता येते. गाड्या मोजक्याच असतात, म्हणून त्यांच्या वेळा आधी टिपून ठेवाव्यात, आणि किती वाजेपर्यंत पुलाशी न पोहोचल्यास व्हर्नसाइड सोडायचे, हे निघण्यापूर्वीच सर्वांनी मिळून ठरवावे; ऐन वेळी कोणीतरी हट्टाला पेटतोच.

सह्याद्रीत हिंडलेल्यांना ऊन आणि पाण्याची काळजी करण्याची सवय असते. येथे वारा आणि ओल यांचा विचार अधिक करावा लागतो. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असला, तरी पावसाळी जाकीट पाठपिशवीत हवेच. इंगलबरोचा शेवटचा चढ अंगावर येणारा आहे आणि माथा सपाट असल्याने धुक्यात दिशा चुकते, त्यामुळे 1:25,000 प्रमाणाचा नकाशा आणि होकायंत्र वापरता येणारा किमान एक जण सोबत असावा. तेथून हॉर्टनपर्यंत आणखी सुमारे 8 किलोमीटर उतरायचे असते; चुनखडीचे दगड ओले असतील तर वेग धरता येत नाही, म्हणून या उतरणीसाठी अर्धा तास जादा धरावा.