उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांचं काय करायचं?

घरातला औषधांचा डबा उघडा, अर्धी संपलेली एखादी अँटिबायोटिकची स्ट्रिप नक्की सापडेल. "असू दे, कधीतरी लागेल" म्हणून ठेवलेली. ती ठेवूच नका, कारण पुढे ती चुकीच्या आजारासाठी नाहीतर भलत्याच माणसाच्या पोटात जाते.

सर्दी, फ्लू, बहुतेक खोकले आणि बऱ्याचदा घसादुखी हे सगळं व्हायरसमुळे होतं आणि व्हायरसवर अँटिबायोटिक काडीचंही काम करत नाही. कफ हिरवा झाला म्हणजे बॅक्टेरियाच असणार, हेही खरं नाही. सर्दी आपोआप बरी होणारच असते, पण मध्ये गोळी घेतली की सगळं श्रेय गोळीला जातं आणि पुढच्या वेळी हात थेट डब्याकडे वळतो. तोवर पोटातले चांगले बॅक्टेरिया मरतात, औषधाला दाद न देणारे तेवढे उरतात आणि तेच वाढत जातात. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनेच १९४५ साली नोबेलच्या भाषणात सांगितलं होतं की कमी डोस घेतला तर जंतू औषधाला सरावतील. आणि झालंही तेच, २०१९ या एका वर्षात जगभरात अंदाजे १२.७ लाख माणसं अशा जंतूंमुळे थेट दगावली.

म्हणून पहिलं काम, गोळ्या उरूच द्यायच्या नाहीत. डॉक्टरांना विचारून घ्या, किती दिवस, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर, आणि तेवढ्याच गोळ्या आणा. ताप उतरला म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका, लवकर थांबवता येईल का हे डॉक्टरांनाच विचारा, काही आजारांना आता पूर्वीपेक्षा छोटा कोर्स पुरतो. एखादा डोस राहिला तर आठवल्यावर घ्या, पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दोन एकदम कधीच नाही. अंगावर पुरळ, ओठ-चेहरा सुजणं, धाप लागणं असं काही झालं तर मात्र गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा.

डॉक्सीसायक्लिन नावाची अँटिबायोटिक असेल तर ग्लासभर पाण्याबरोबर बसून घ्या आणि लगेच आडवं होऊ नका, गोळी अन्ननलिकेत अडकली तर आतून जखम होते. कॅल्शियम, लोह किंवा अँटासिडच्या गोळ्या तिच्यासोबत घेऊ नका, औषध नीट शोषलं जात नाही.

मुलांच्या सिरपचा हिशोब वेगळा. पावडरमध्ये पाणी घातल्यावर ते थोडेच दिवस टिकतं, किती ते लेबलवर असतं, त्यामुळे ज्या दिवशी पाणी घातलं ती तारीख बाटलीवर पेनने लिहून ठेवा आणि मुदत संपली की अर्धी बाटली उरली असली तरी वापरू नका.

आता तरीही उरलंच तर. बेसिनमध्ये, संडासात ओतायचं नाही, सांडपाण्याच्या प्लांटमध्येसुद्धा अँटिबायोटिक पूर्ण निघत नाही, ते पुढे नदीत जातं आणि तिथल्या बॅक्टेरियांनाही तीच सवय लागते. जाळू नका, बागेत पुरू नका, गुरांना किंवा कुत्र्याला देऊ नका. केमिस्ट किंवा हॉस्पिटल जुनी औषधं परत घेतं का ते आधी विचारा, घेत असतील तर तोच सगळ्यात चांगला मार्ग. नसेल तर गोळ्या स्ट्रिपमधून काढून, न कुटता, ओल्या मातीत कालवायच्या, घट्ट बंद पिशवीत भरून कचऱ्यात टाकायच्या. सिरपही त्याच मातीत जिरवा. बाटलीवर पेशंटचं नाव असेल तर टाकण्याआधी खरवडून काढा.