सोयाबीन पिवळं पडलंय? युरियाचं पोतं फोडायच्या आधी मुळाच्या गाठी बघा

आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात, म्हणजे गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगडकडं, तांबडी माती आणि वर धो धो पाऊस, एकट्या गगनबावड्यात वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पडतो. त्या पाण्याबरोबर जमिनीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन जातं नि माती आम्लधर्मी होत जाते. मग पीक पिवळं दिसलं की युरिया, हे ठरलेलंच. पण सोयाबीनच्या मुळावरच्या गाठीतले जिवाणूच हवेतला नत्र पिकाला देतात, ते काम करतायत का हे आधी बघा.

नागपंचमीच्या आसपास पीक ३५-४५ दिवसांचं झालं की चार-पाच ठिकाणची रोपं काढा. उपटू नका, उपटलं की गाठी मातीतच तुटून राहतात, खुरप्यानं लांबनं खणून ढेकळासकट बादलीत भिजत घाला आणि हळूच धुवा. मग गाठ ब्लेडनं कापा. आतनं गुलाबी-लाल असली, नखाला रंग लागला, तर जिवाणू हवेतला नत्र ओढतायत. हिरवट किंवा राखाडी म्हणजे काम बंद. गाठीच नाहीत आणि मुळं आखूड, जाडसर दिसली तर पीएच, म्हणजे माती किती आम्लधर्मी आहे हे सांगणारा आकडा, बघायलाच पाहिजे; आकडा कमी तेवढी आम्लता जास्त.

कारण पीएच ५.५ च्या खाली गेला की मातीतलं ॲल्युमिनियम विरघळतं आणि मुळाचं टोकच मारतं. सोयाबीनमध्ये जिवाणू आत शिरतात ते मुळाच्या बारीक केसांतनं, तेच कमी झाले तर शिरणार कुठनं? त्यात कॅल्शियम कमी, म्हणून चिकटायला अडचण, आणि नत्र पकडणाऱ्या एन्झाइमला लागणारं मॉलिब्डेनम अशा मातीत अडकून बसतं. पीएच ६ वरनं ५ झाला म्हणजे आम्लता दहापट, 'एकानं तर कमी झालाय' म्हणू नका.

उन्हाळ्यात, खत टाकायच्या आधी माती तपासा. नागमोडी फिरत आठ-दहा जागी व्ही आकाराचा १५-२० सेंमी खड्डा, बांध आणि उकिरड्याची जागा सोडून, सगळी माती मिसळून अर्धा किलो द्यायची.

रिपोर्टप्रमाणे शेतीचा चुना किंवा डोलोमाइट, वळीव झाला की, पेरणीआधी निदान महिनाभर, मातीत मिसळा. सगळ्या रानाला परवडत नसेल तर दरवर्षी सरीत एकरी ८०-१६० किलो टाकला तरी चालतं.

बियाण्याला बुरशीनाशक आधी, रायझोबियम, म्हणजे गाठी करणाऱ्या जिवाणूंचं कल्चर, शेवटी. १० किलोला २५० ग्रॅमचं पाकीट, गुळाच्या गार पाण्यात कालवून चोळा, सावलीत सुकवा नि लगेच पेरा. सोयाबीनचं कल्चर वेगळं, भुईमुगाचं वेगळं, दुकानदार 'एकच चालतंय की' म्हणाला तरी पाकिटावरचं पीक आणि तारीख वाचाच. आणि कळीचा चुना बियाण्याला अजिबात लावायचा नाही, जिवाणू जागेवर मरतात.

शिरोळकडच्या काळ्या, चोपण रानवाल्यांनी मात्र हे वाचून चुना आणायला पळू नये, तिकडं पीएच आधीच वर असतोय.