रथ झाला की मारवाड: वाळवंटातली शहरं आणि देवस्थानं कशी बघावीत

म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला निघतो. रथ झाला, पाहुणे परतले, की मारवाडला जायचा काळ लागला असं समजा. तिथून माघापर्यंत तिकडं दिवसा ऊन सोसवतं आणि रात्री कडाक्याची थंडी पडते. होळीनंतर मात्र निघू नका. आपण माणदेशी, उन्हात वाढलेले हे खरं, पण थरच्या वाळवंटातलं ऊन वेगळं.

आमचा धंदा घोंगड्यांचा. बिकानेर ही लोकरीची मोठी पेठ, म्हणून माझं तिकडं जाणं-येणं सुरू झालं. आता दहिवडी, आटपाडी, जत भागातलं कुणी राजस्थानला निघालं की आधी दुकानात येऊन बसतं. त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितो.

पहिली गोष्ट अशी की, कुठल्याही गावात उतरलात की आधी त्या गावाचं जुनं पाणी बघा. तळं, बावडी म्हणजे पायऱ्यांची विहीर, टाकं, जे असेल ते. किल्ला आणि देऊळ त्यानंतर. जैसलमेरला वर्षाकाठी २०० मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. आमच्या माण तालुक्यात त्याच्या दुप्पट पडतो आणि आपण स्वतःला दुष्काळी म्हणतो. तरी रावळ जैसलनं ११५६ मध्ये वसवलेलं ते शहर आजवर नांदतं आहे. ते कशाच्या जोरावर, हे बघितल्याशिवाय तिथून परत फिरू नये असं मला मनापासून वाटतं.

वाट अशी धरा. बेंगळुरूहून अजमेरला आणि जोधपूरला जाणाऱ्या गाड्या मिरज-पुणे मार्गानं जातात. त्या रोज नसतात, म्हणून वार आणि आपल्याजवळचा थांबा बघून आरक्षण करा. जाताना अजमेरला उतरायचं, येताना जोधपूरला बसायचं. मध्ये पुष्कर, नागौर, बिकानेर, रामदेवरा, जैसलमेर हा फेरा होतो, आणि एक वाट दोनदा तुडवावी लागत नाही. दहा दिवस हाताशी असले तर धावपळ होत नाही. कमी असतील तर एखादं गाव गाळा, पण प्रत्येक ठिकाणी एक रात्र तरी काढा.

अजमेरला ख्वाजा मोईनुद्दीन चिश्तींच्या दर्ग्यात जाऊन या. डोकं झाकायला रुमाल लागतो. पुष्कर तिथून पंधराएक किलोमीटर, नाग पहाड ओलांडला की आलं. सरोवराला ५२ घाट आहेत. चपला घाटाच्या बऱ्याच अलीकडं काढायच्या आणि आंघोळ करणाऱ्यांचे फोटो घ्यायचे नाहीत. हातात फुलं देऊन कुणी संकल्प सांगायला लागला तर दक्षिणा आधी ठरवा; ठरवायची नसेल तर फुलं हातात घेऊच नका. पहाटे लवकर घाटावर जा, ब्रह्मदेवाचं दर्शन त्यानंतर घ्या. गावात मांस, अंडी, दारू काही चालत नाही. कार्तिकी एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत मोठी यात्रा असते. शुद्ध पक्षाच्या तिथी त्यांच्या आणि आपल्या पंचांगात एकाच महिन्यात येतात, त्यामुळे आपलं कॅलेंडर बघून चालतं. वद्य पक्षात मात्र त्यांचा महिना आपल्या पुढं असतो, तेव्हा विचारून घ्या.

नागौर बहुतेक सहलवाले गाळतात. सातारकरांनी गाळू नये. कोरेगाव तालुक्यातल्या कण्हेरखेडच्या शिंद्यांपैकी जयाप्पा शिंदे, राणोजींचे थोरले चिरंजीव, नागौरला वेढा घालून बसले होते. आत जोधपूरचा राजा विजयसिंह होता. १७५५ मध्ये तिथंच जयाप्पांना दगा करून मारलं. आपल्या मुलखातला माणूस एवढ्या लांब, या रुक्ष मैदानात पडला, हे तिथल्या तटाखाली उभं राहिल्यावर आतून जाणवतं. नागौरचा किल्ला सपाटीवर आहे. अजिंक्यतारा, वर्धनगड चढून सवय झालेल्यांना हा कसला गड असं वाटेल, पण आत जाऊन पाट आणि हौद बघा. पावसाचं आणि विहिरीचं पाणी साठवून ते महालांतून कसं खेळवलं होतं, ते नीट दुरुस्त करून ठेवलं आहे. घाई करू नका, पाण्याची वाट शोधत एकेका चौकातून पुढं जा. वाटेत मेडता लागतं. संत मीराबाई मेडत्याच्या राठोड घराण्यातली, तिथल्या चारभुजा मंदिरात तिचं स्मरण आहे. मेडत्यालाच १७९० मध्ये महादजींच्या फौजेनं राठोडांना हरवलं.

बिकानेर राव बिकानं १४८८ मध्ये वसवलं. तिथला जुनागढ किल्ला चांगला आहे, अर्धा दिवस पुरतो. भुजिया मोठ्या पेठेतून घ्या, मटकीच्या पिठाची असते.

देशनोक बिकानेरपासून तीसेक किलोमीटर. करणीमातेच्या देवळात उंदीर मोकळे फिरतात, त्यांना काबा म्हणतात. अनवाणी जायचं आणि पाय न उचलता जमिनीला घासत चालायचं, म्हणजे एकही काबा पायाखाली येत नाही. लहान पोरांना आधीच सांगून ठेवा, तिथं किंचाळणं बरं दिसत नाही. देवळाभोवतीचं ओरणही बघा. देवीच्या नावानं राखलेलं रान ते, तिथल्या झाडाला कुऱ्हाड लावत नाहीत. आपल्याकडच्या देवराया ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. कपिल मुनींचं कोलायत त्याच भागात आहे. तळं मोठं, घाट शांत. कार्तिकी पौर्णिमा सोडून कधीही जा.

रामदेवरा पोखरणजवळ. तिकडचे लोकदैवत बाबा रामदेव यांची समाधी, शेजारी रामसरोवर. हिंदू त्यांना रामदेवजी म्हणतात, मुसलमान रामसा पीर. भक्त कापडाचे घोडे वाहतात. त्यांची शिष्या डालीबाई मेघवाल समाजाची, तिचीही समाधी तिथं आहे, तिचं दर्शन चुकवू नका. भाद्रपद शुद्ध द्वितीयेपासून यात्रा भरते, लोक शेकडो किलोमीटर चालत येतात. ते दिवस आपल्या गणपतीचे, घर सोडवत नाही. तरी वारी केलेल्या माणसानं एकदा ती वाट बघावी. रस्त्याकडेला चहा, जेवण, पायाला तेल, सगळी सेवा मांडलेली असते.

आता जैसलमेर. सकाळी पहिल्यांदा गडीसर तलावावर जा. विसाव्या शतकापर्यंत सगळं शहर या तळ्याच्या पाण्यावर जगलं. आता इंदिरा गांधी कालव्याचं पाणी आलं आहे. त्यातून एक नवीन दुखणं निघालं. किल्ल्यावर नळ आले, सांडपाणी टेकडीत मुरलं आणि बुरूज ढासळायला लागले. किल्ल्यात आजही कुटुंबं राहतात, तो त्यांचा हक्क. आपण पाहुण्यांनी मात्र मुक्काम खाली शहरात करावा. किल्ल्यावरच्या हॉटेलात आपण बादलीभर पाण्यानं आंघोळ केली की ते पाणी त्याच टेकडीत जातं. वर दिवसभर फिरा, जैन मंदिरं बघा, उतरताना पटवांच्या हवेल्या करा आणि खाली येऊन झोपा.

दुसऱ्या दिवशी गाडीवाला कुलधरा आणि सम गावच्या वाळूच्या टेकड्यांचं नाव घेईल. कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांचं ओसाड गाव, भुताच्या गोष्टी सांगून दाखवतात. त्या ऐकून घ्या आणि मग त्याला ‘खडीन दिखाओ’ म्हणा. उतारावरून येणारं पाणी अडवायला घातलेला मातीचा लांब, बुटका बांध म्हणजे खडीन. पावसाळ्यात बांधामागं पाणी तुंबतं, हळूहळू जमिनीत मुरतं आणि त्या ओलीवर गहू-हरभरा पेरतात. रब्बीला वरून पाण्याचा थेंब लागत नाही. बांधाच्या अलीकडं बसून मूठभर माती उचला. भोवती सगळं करडं वाळवंट आणि मुठीतली माती गार, दाबली की ढेकूळ होणारी. बांधाच्या खालच्या अंगाला विहीर असते, पाझर तिच्यात उतरतो. पाणलोटाची कामं केलेल्या आपल्या गावकऱ्यांनी हे बघायलाच हवं. शेतात शिरण्यापूर्वी मालकाला ‘राम राम सा’ म्हणून विचारा. हरभऱ्यातून चालू नका.

शेवटी जोधपूर. इथं तूरजी का झालरा ही बावडी आधी बघा. १७४० च्या दशकात महाराजा अभयसिंहांच्या राणीनं बांधलेली, तांबूस दगडाची. त्याच्या थोडं आधी आपल्या लिंबची बारा मोटेची विहीर वीरूबाई भोसल्यांनी बांधून घेतली. लिंबची विहीर साताऱ्यापासून इतकी जवळ असून अनेकांनी पाहिलेली नसते. जायच्या आधी ती बघून घ्या, म्हणजे झालऱ्याच्या पायऱ्या उतरताना दोन्हीकडच्या गवंड्यांचं डोकं कसं चाललं ते कळेल. मग मेहरानगड. राव जोधानं १४५९ मध्ये तो बांधायला घेतला तेव्हा चिडियानाथ नावाच्या साधूला टेकडीवरून हलवलं, आणि त्यानं इथं पाण्याचा दुष्काळ पडेल असा शाप दिला, अशी कथा सांगतात. गडाच्या पायथ्याचा राणीसर तलाव जोधाच्याच राणीनं बांधला.

ओसियाँ जोधपूरपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. सच्चियाय मातेचं देऊळ आणि आठव्या शतकातलं महावीराचं मंदिर यासाठी अर्धा दिवस काढा.

खाण्याची आपल्याला अडचण नाही, बाजरीची भाकरी तिथंही आहे, तुपात न्हालेली. केर-सांगरी मागून खा. केर हे तिथल्या काटेरी झुडपाचं फळ, आणि सांगरी म्हणजे खेजडीच्या, आपल्या शमीच्या, शेंगा. सामानात घोंगडं घ्या. रात्रीच्या रेल्वेत आणि वाळूत मुक्काम केला तर हॉटेलच्या रजईवर तेच लागतं. पाण्याच्या बाटल्या सारख्या विकत घेण्यापेक्षा मोठा थर्मास बरा. जोधपूरहून परतीची गाडी लांब पल्ल्याची, दुसरा दिवसही तिच्यातच जातो. तेव्हा स्टेशनला जाण्यापूर्वी मिरचीवडे आणि मावा कचोरी बांधून घ्या, पण कचोरी पाकातली नको, कोरडी मागा.