जुना फ्लॅट घेताना: टोकन देण्याआधी ओल कशी शोधावी

पुण्यात कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी या भागांत 20-30 वर्षं जुन्या इमारतींमधले फ्लॅट विकायला येतात. नातेवाइकांसाठी, ओळखीच्यांसाठी असे फ्लॅट बघायला मी वर्षानुवर्षं जाते आहे. बजेट, कर्ज, परिसर हे तुमचं ठरलेलं आहे असं धरून पुढचं लिहिते.

1. टोकन खिशातच ठेवा

टोकन म्हणजे सौदा धरून ठेवायला आधी द्यायची रक्कम. एजंट सांगेल, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. उभं असू दे. खाली लिहिलेलं सगळं होईपर्यंत एक रुपयाही द्यायचा नाही. पैसे दिले की दोष दिसले तरी माणूस ते मनातल्या मनात लहान करत जातो.

2. टेपने मोजा

कार्पेट, म्हणजे घरातलं प्रत्यक्ष वापरायचं क्षेत्रफळ, कसं धरायचं हे रेरा या घरबांधणी नियमनाच्या कायद्याने ठरवून दिलं आहे: बाहेरच्या भिंती, डक्ट (पाइपांसाठी सोडलेली पोकळी), बाल्कनी आणि गच्ची वगळायची, आतल्या भिंती धरायच्या. जुन्या करारनाम्यांत बरेचदा बिल्टअप (बाहेरच्या भिंती धरून) किंवा सुपर बिल्टअप (जिना, लिफ्टचा वाटाही धरून) लिहिलेलं असतं. प्रत्येक खोली स्वतः मोजा आणि चौरस फुटाचा भाव त्या आकड्यावर काढा.

3. ओल शोधा

इथे भरपूर वेळ द्या. "रंग नवा आहे, म्हणजे घर सांभाळलेलं आहे," हा सल्ला ऐकला की मला राग येतो. विकायला काढलेल्या घराला लोक रंग देतातच, त्यात गैर काही नाही. पण बाकी घर जुन्या रंगाचं आणि एकच भिंत ताजी, एकाच खोलीत वॉलपेपर किंवा पीव्हीसी पॅनेल, फक्त बाथरूमला फॉल्स सीलिंग, असं दिसलं तर तिथेच थांबा. सीलिंगची झडप उघडायला लावा आणि टॉर्च मारून वरचा स्लॅब बघा. झडपच नसेल तर एक पॅनेल काढून दाखवायला सांगा.

सगळ्यात आधी बघायची ती बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत, आणि तीही बेडरूमच्या बाजूने. जमिनीपासून फूट-दीड फुटापर्यंत पोपडे सुटलेत का, पांढरी भुकटी म्हणजे लोणा आलाय का, हे बघायचं. नेमकं तिथेच कपाट असतं. ते सरकवायला सांगताना लाजू नका. आयुष्यभराची पुंजी घालायला निघाला आहात. कपाट भिंतीत बसवलेलं असेल तर खालचा कप्पा रिकामा करायला सांगा, मागच्या प्लायला हात लावा, वास घ्या. प्लाय फुगलेला असला किंवा कुबट वास आला तर रंगाखाली काय आहे ते कळतं. बाथरूमच्या चौकटीचा खालचा भागही नखाने दाबून बघा. गिलावा बोटाच्या पेराने ठोकला की सुटलेल्या जागी पोकळ वाजतो.

ओल दिसणं सोपं आहे. ती कुठून येते हे ओळखायला मात्र मला फार घरं बघावी लागली. छताचा डाग भर एप्रिलमध्येही ओला असेल तर बहुधा वरच्या बाथरूमचं किंवा पाइपचं पाणी आहे. फक्त पावसाळ्यात उमटत असेल तर बाहेरच्या भिंतीच्या भेगा किंवा खिडकीचे सांधे बघा. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या भिंती जास्त झोडपल्या जातात. सगळ्यात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट असेल तर गच्चीवर जा, कोबा (गच्चीवरचा सिमेंटचा थर) कुठे फुटलाय आणि पाणी कुठे साचतं ते बघा. बेडरूमच्या भिंतीची खालची ओल बहुतेक वेळा घराच्या स्वतःच्याच बाथरूमची असते. आणि एक लक्षात ठेवा: पाणी स्लॅबमधून वाट काढत सरकतं, त्यामुळे गळती बरोबर डागाच्या वरच असेल असं नाही.

आता खालच्या मजल्यावर जा. हे कुणी सांगत नाही आणि हेच सगळ्यात उपयोगी आहे. विकणारा सांगणार नाही, एजंटला माहीत नसतं; खालच्या घरातल्या काकूंना मात्र त्या गळतीचा सगळा इतिहास पाठ असतो. बेल वाजवा, "आम्ही वरचा फ्लॅट बघतोय, तुमच्याकडे गळतं का?" असं सरळ विचारा आणि त्यांच्या बाथरूमचं छत बघू द्या म्हणा. घर रिकामं असेल तर मालकाच्या परवानगीने नहाणीचं तोंड बंद करून बाथरूममध्ये दोन बोटं पाणी साठवा, दिवसभर तसंच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली जाऊन बघा.

"टाइल्सच्या सांध्यांत ग्राउट भरलं की थांबतं," हा दुसरा वाईट सल्ला. फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलं असेल तर फरशी फोडून, नहाणी ट्रॅप (पाणी निचरा होतो तो जाळीखालचा भाग) बदलून सगळं नव्याने करावं लागतं. "सोसायटी करून देईल," हेही तपासून घ्या. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठी सरकारने दिलेल्या नमुना नियमांप्रमाणे, गच्चीची आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते; संडास-बाथरूम, सिंकमुळे होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च संबंधित सभासदांचा. त्यामुळे वरचा सभासद भांडकुदळ असेल तर तुमचं छत वर्षानुवर्षं गळत राहू शकतं. सोसायटीच्या ऑफिसात गळतीच्या तक्रारी आणि गेल्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त विक्रेत्यामार्फत मागा. दुरुस्तीचं कोटेशन लेखी घेऊन मगच भाव बोला.

शक्य असेल तर घर जुलै-ऑगस्टमध्ये, झड लागून दोन-तीन दिवस झाले की बघा. उन्हाळ्यात पसंत केलेलं घर पावसात पुन्हा बघेपर्यंत करार लांबवता आला, तर जरूर लांबवा.

4. पार्किंगमधून वर बघा

कॉलमच्या उभ्या भेगा, स्लॅबमधून उघड्या पडलेल्या गंजक्या सळया. 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून मजबुतीची तपासणी, दर 5 वर्षांनी, त्याहून जुन्या इमारतीचं दर 3 वर्षांनी व्हायला हवं. शेवटचा अहवाल मागा.

5. कागद वकिलाकडे द्या

तुमचा स्वतःचा वकील हवा, एजंटने सुचवलेला नको. पहिल्या खरेदीपासूनचे सगळे नोंदणीकृत करारनामे, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा त्या व्यवहाराचा उतारा), सोसायटीचं मूळ शेअर सर्टिफिकेट, भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याची महापालिकेची परवानगी), कन्व्हेयन्स म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का, बँकेचा बोजा म्हणजे थकलेलं कर्ज आहे का, एवढं त्यांनी बघायचं.

6. पैसे

किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून 1 टक्का टीडीएस (आयकर) कापून सरकारकडे भरायची जबाबदारी तुमची. विक्रेता परदेशात राहत असेल तर हा 1 टक्का लागू नाही, कापायची रक्कम बरीच मोठी असते; आधी सीएला भेटा. महापालिका हद्दीत सोसायटीला हस्तांतरणासाठी 25,000 रुपयांपेक्षा जास्त अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) घेता येत नाही, देणगी म्हणूनसुद्धा नाही. टोकन चेकने किंवा बँकेतून द्या आणि पावतीवर लिहून घ्या: कागदांत दोष निघाला किंवा कर्ज मंजूर झालं नाही तर किती दिवसांत पूर्ण रक्कम परत. सापडलेल्या गळतीची दुरुस्ती कोण, कधीपर्यंत करणार, हेही त्याच पावतीवर.