बरणी तडकली, बादलीचा रंग सोलला: जुन्या सामानातून बाग सजवताना या चुका टाळा

माळा आवरायला काढला की लोणच्याची बरणी, पत्र्याची बादली, कान तुटलेले कप, शिलाई मशिनचा बिडाचा सांगाडा असं काय काय निघतं. नाहीच निघालं तर मुंबईत चोर बाजार आणि पुण्यात जुना बाजार आहेच. मार्च-एप्रिलमध्ये हे सगळं रंगवून गॅलरीत मांडलं की फोटो झकास येतात. जूनमध्ये मात्र रंग सोलायला लागतो, मोगरा पिवळा पडतो, चिकटवलेले तुकडे गळतात. कारणं वेगवेगळी दिसतात, पण बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारायची राहिलेली असते: यात पडलेलं पाणी जाणार कुठून?

भोक नको म्हणून तळाला विटांचे तुकडे

ही चूक सगळ्यात जास्त होते. भोक पाडायचा कंटाळा येतो, मग तळाशी चार बोटं विटांचे तुकडे घालून वर माती भरली जाते. पाणी त्या तुकड्यांमध्ये साठतं, बाहेर जात नाही. वर मातीची उंची तेवढी कमी झालेली असते, त्यामुळे मुळं ओलीच्या आणखी जवळ येतात आणि आठ-पंधरा दिवसांत कुजू लागतात. पानं पिवळी पडली की पाणी कमी पडलं असं समजून आणखी पाणी घातलं जातं, आणि झाड संपतं. माती हुंगून बघा. आंबूस वास आला तर झाड काढा, काळी पडलेली मऊ मुळं कापा आणि आधी भांड्याला भोक पाडा. पंधरा लिटरच्या बादलीला १० ते १२ मिलिमीटरची पाच भोकं पुरतात. त्यांवर खापरीचा एकेक तुकडा ठेवला की झालं, विटांचा थर लागत नाही.

बरणी फुटते ती घाईने

चिनी मातीच्या बरणीला खिळा-हातोडी लावलीत तर ती गेलीच. ड्रिलवर हॅमरचा खटका चालू राहिला तरी तेच होतं. लाकडाचं किंवा भिंतीचं बिट नको. काच-टाइलसाठी मिळणारं, कडेला हिऱ्याचे कण असलेलं १० मिलिमीटरचं पोकळ बिट आणा. बरणी वाळूने भरलेल्या पाटीत उलटी रोवा म्हणजे हलणार नाही. भोकाच्या जागेभोवती कणकेची बोटभर उंच पाळ करा आणि आत चमचाभर पाणी ओता. बिट आधी तिरकं धरून चंद्रकोरीएवढी खाच पाडा, मग हळूहळू सरळ करा. सुरुवातीलाच सरळ धरलं तर ते गुळगुळीत ग्लेझवरून, म्हणजे बरणीवरच्या काचेसारख्या थरावरून, घसरतं. वेग कमी, दाब बेताचा. दुधासारखा पांढरा गाळ येत राहिला पाहिजे. तो सुकला की बिट तापतं आणि बरणी तडकते, म्हणून मध्येमध्ये थांबून पाणी घाला. ड्रिल बॅटरीवरचं असेल तर उत्तम. वायरवालं असेल तर पाणी मशिनपर्यंत पोचू देऊ नका.

आरपार जायची वेळ आली की आवाज बदलतो. तेव्हा हात सैल सोडा. याच क्षणी जोर दिला तर आतल्या बाजूने रुपयाएवढा टवका उडतो आणि चीर वर चढते. भोक पाडल्यावरही पाणी तुंबत असेल तर बरणीचा बूड बघा. बऱ्याच बरण्यांचा बूड आत खोलगट असतो आणि कडा फरशीला घट्ट बसते. खाली टाइलचे तीन तुकडे ठेवून बोटभर उचला.

आणि हो, वर्षानुवर्षं लोणचं मुरलेल्या बरणीच्या आतली ग्लेझ उडालेली असेल तर मीठही मुरलेलं असतं. रोज पाणी बदलत चार दिवस भिजवा, मगच माती भरा.

बादलीचा रंग पापुद्रे का टाकतो

कारण ती बादली नुसत्या लोखंडाची नसते, तिच्यावर जस्ताचा थर असतो. पत्र्यावर बर्फाच्या फुलांसारखी नक्षी दिसली की समजा. साध्या ऑइलपेंटमधलं तेल जस्ताशी मिळून साबणासारखा थर बनवतं आणि वरचा रंग सुटतो. अशा सोललेल्या रंगावर पुन्हा हात मारणं म्हणजे पैसे वाया. सगळा रंग खरवडा, धुण्याच्या सोड्याने पत्रा धुऊन वाळवा, २२० नंबरच्या पॉलिशपेपरने हलकेच घासा, वर वॉश प्रायमर ऊर्फ एच (etch) प्रायमरचा पातळ हात द्या. मग हवा तो रंग.

गंजलेल्या साध्या लोखंडाचं गणित वेगळं. तारेच्या ब्रशने सुटी खपली काढायची, ८० नंबरने घासायचं आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर मारायचा. रात्रभर ठेवलं तर दमट हवेत पुन्हा तांबूस झाक येते. वर इनॅमलचे दोन हात, मध्ये २४ तास. भोकं रंगाच्या आधी पाडा. रंगानंतर पाडलेल्या भोकाची कडा उघडी राहते आणि गंज तिथूनच आत शिरतो. बादलीची आतली बाजू आणि खालची कडसुद्धा रंगवा, दिसत नसली तरी.

कपबशीच्या तुकड्यांची नक्षी

सुतारकामाचा पांढरा गम घरात असतो म्हणून वापरला जातो, आणि सतत ओल लागली की तो पुन्हा मऊ होतो. ग्लू गनचा गोंद मे महिन्यातल्या तापलेल्या पत्र्यावर ढिला पडतो. नुसतं व्हाइट सिमेंट कालवून लावलं तर कपाच्या गुळगुळीत पाठीवर ते नीट धरत नाही. बाहेर वापरायचं टाइल अॅडहेसिव्ह घ्या, तुकड्यांच्या पाठी सॅंडपेपरने घासून घ्या, मध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट सोडा, २४ तासांनी त्या फटींत ग्राउट (टाइलचे सांधे बुजवायचा मसाला) भरा. मातीच्या कुंडीवर नक्षी करायची असेल तर कुंडीला आतून वॉटरप्रूफ कोटिंग द्या, नाहीतर आतली ओल क्षार घेऊन बाहेर येते. फटींमधून दिसणारा तो पांढरा थर बुरशी नसते.

पितळेला भोक पाडू नका

पितळी किंवा तांब्याच्या घंगाळात थेट माती भरणं दोन्हीकडून तोट्याचं. आम्लधर्मी ओल्या मातीत तांबं थोडं थोडं विरघळतं आणि मुळांना बाधतं. शिवाय भोक पाडलेल्या घंगाळाला मोडीचाच भाव उरतो. नर्सरीची प्लॅस्टिकची कुंडी आत ठेवा, पाणी घालताना बाहेर काढा आणि निथळल्यावर परत ठेवा. घंगाळाचा डाग झाकायला किंवा जोड बुजवायला सिलिकॉन वापरत असाल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं घेऊ नका, त्याने पितळ-तांबं खराब होतं. न्यूट्रल क्युअर मागा.

डास

टायर, केटली, उलट्या न ठेवलेल्या बाटल्या, पक्ष्यांसाठी ठेवलेली परात: डेंग्यूच्या एडिस डासाला यापेक्षा जास्त काही लागत नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतून द्यायचं. नुसतं ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने तग धरतात. काथ्याने घासा. टायर आडवा ठेवत असाल तर खालच्या बाजूला चार-पाच भोकं, टांगत असाल तर सगळ्यात खालच्या टोकाला दोन.

वजन

ओली माती लिटरला दीड-पावणेदोन किलो भरते, म्हणजे ती पंधरा लिटरची बादली पंचवीस किलोच्या आसपास. ग्रिलबाहेर किंवा कठड्यावर तिला जागा नाही. गच्चीवर जड वस्तू तुळईच्या वर किंवा भिंतीलगत, आणि विटांवर उचलून.

लाकूड

सागवानी दरवाजा किंवा खिडकी भिंतीला टेकवायची तर खालची कड मातीत रोवू नका. पाणी तिथूनच वर चढतं आणि वाळवीही. दोन विटांवर ठेवा आणि कापलेल्या टोकांना बेलतेलाचे (रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या जवसाच्या तेलाचे) तीन हात द्या. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा, मग टाका. प्लायवुड आणि एमडीएफ पावसात ठेवायच्या फंदात पडू नका.

जुना रंग असलेला दरवाजा कोरडा घासणं ही मोठी चूक. भारतात रंगातल्या शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं कितीही असू शकतं. ओल्या पेपरने घासा, मास्क लावा, मुलांना लांब ठेवा, खाली प्लॅस्टिक अंथरा आणि निघालेला गाळ कुंडीत टाकू नका. अशा दरवाजाशेजारी पालक-मेथीचा वाफाही नको. अॅस्बेस्टॉसचा पत्रा आणि जुन्या ट्यूबलाइट मात्र कितीही फुकट मिळाल्या तरी घरी आणू नका.